साडेचारची लाल खूण

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा संगणक बंद पडला. बोलता बोलता माणसानं मान टाकावी, तसा. गेल्या महिन्याभरातली ही कितवी खेप, ते मोजणं सोडलं आहे.

मी जागेवर नव्हतो. चार वाजता लेकीला व्हिडिओ कॉल लावून देतो, पडद्यावर तिचा चेहरा आला की "काय गं, जेवलीस का?" एवढं विचारतो आणि चपला घालून फिरायला निघतो. मायलेकींचं बोलणं असतं, त्यात बापानं खुर्ची अडवून काय करायचं? परत येतो तर पडदा काळा आणि आमची मंडळी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? गेलं."

मंडळींचं उत्तर एवढंच.

लेकीला आठवा लागलाय. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलंय. जावई जहाजावर, वेळेआधी येतो म्हणतात, पण जहाज काही त्यांच्या घरचं नाही. परमुलखात तिचं म्हणावं असं शेजारची एक बाई सोडली तर कुणी नाही. आम्ही जावं तर माझ्या छातीत दोन नळ्या बसवलेल्या, विमान म्हटलं की आमचे डॉक्टर डोळे वटारतात, आणि मंडळी मला सोडून एकटी जायला तयार नाही. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या पोरीला हा चारचा तास म्हणजे तेवढी एक उघडी खिडकी. परवा म्हणाली, "बाबा, आईचा आवाज ऐकला की भीती जाते." तेव्हा बाळंतपण होईपर्यंत हे यंत्र धड चाललं पाहिजे. बाकी मला काही नको.

जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलं. पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी. शिकवायला कुणी नव्हतं, जळालेल्या मोटारीच शिकवत गेल्या. पण मोटार जळली की वास येतो, तांब्याचा रंग उतरतो, बोट लावलं की कळतं. या डब्याला ना वास, ना रंग. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आत सगळं लिहिलेलं असतं. सिस्टम लॉग उघडून बघा."

उद्या उघडतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॉग उघडला. पानभर लाल खुणा, मधूनमधून पिवळे त्रिकोण. उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठावं तसं ते पान दिसत होतं. सगळं इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो. अमक्याला तमक्याची परवानगी नाही, अमुक सेवा वेळेत सुरू झाली नाही, असलं काहीबाही. एवढी भांडणं आत चालू असताना बाहेर हा गप्प कसा बसतो, तेच नवल.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

"अहो, माझ्या संगणकात शेकड्यानं चुका आहेत."

"सगळ्यांच्याच असतात आजोबा. माझ्याही."

"मग चालतो कसा?"

"तसाच. लॉग वाचत बसायचं नसतं."

"तुम्हीच सांगितलंत."

"बघा म्हणालो होतो. पारायण करा म्हणालो नव्हतो."

तरी वाचलंच. दिवसभरात माझ्या एक लक्षात आलं. यातल्या बऱ्याचशा खुणा म्हणजे नुसती कुरकुर. आमच्या थोरल्या काकू जशा उठता बसता गुडघ्यांच्या नावानं कण्हायच्या आणि ताटावर मात्र व्यवस्थित बसायच्या, तशी. दहा हजार सोळा नंबरची एक खूण तर दिवसातून कितीदा येते त्याला गणती नाही, आणि तिनं कुणाचं काही बिघडत नाही. ती कुरकुर बाजूला काढत गेलो तेव्हा खाली खरं दुखणं सापडलं. एक्केचाळीस नंबर. 'आधी नीट बंद न होताच यंत्र पुन्हा सुरू झालं,' असा तिचा अर्थ. तिच्याजवळच दुसरी खूण, आधीचं बंद पडणं किती वाजता झालं ते सांगणारी. मागचे सगळे दिवस चाळले. दर खेपेला साडेचारच्या आसपास.

म्हणजे रोग वेळ पाळून येतो. हे बरं झालं. वेळ पाळणारा रोग पकडता येतो.

मंडळी मागं येऊन उभी राहिली.

"एवढं काय वाचताय?"

"याच्या चुका."

"माझ्या चुका कधी एवढ्या प्रेमानं वाचल्या नाहीत."

"तुझ्या लिहून ठेवल्या असत्या तर घरात बसायला जागा उरली नसती."

हसली आणि चहा घेऊन आली. मघाशीच घेतला होता, पण मन मोडवेना, पुन्हा घेतला. थोड्या वेळानं आणखी एक आला. म्हातारपणी माझ्यावर माया फार वाढली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डबा खोलला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि जवळजवळ एक उशी भरेल एवढी धूळ काढली. रॅमच्या पट्ट्या उपसून त्यांच्या पितळी दातांवर खोडरबर फिरवला, कॉम्प्युटरवाल्यानंच सांगितलेली युक्ती. पंखा हातानं फिरवून पाहिला, गुण्यागोविंदानं फिरतो. मग डिस्कची तपासणी लावली, ती दुपारपर्यंत चालली. निकाल: दोष नाही. रॅमचीही तपासणी केली. दोष नाही. डॉक्टरनं सगळं ठीक म्हणावं आणि रोग्यानं तसंच कण्हत पडावं, अशातली गत.

संध्याकाळी फिरून आलो तर बंद.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण कौतुक वाटलं. यंत्र बंद पडलं की मंडळी त्याची वायर भिंतीतून काढते, नीट गुंडाळते आणि टेबलावर ठेवून देते. बंद पडलेल्या यंत्राची वायर आधी काढा, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले. हिला सांगावं लागत नाही.

सांगावं लागेलच कशाला? तयार कपड्यांच्या कारखान्यात सगळं इस्त्रीखातं हिच्या हाताखाली होतं. तिथं एकदा कुणीशी इस्त्री तापती ठेवून घरी गेली आणि शर्टांच्या थप्प्या जळून कोळसा झाल्या. तेव्हापासून हिनं शिस्त लावली. भोंगा झाला की नुसतं बटण बंद करून चालायचं नाही. पिन भिंतीतून काढायची, वायर गुंडाळून टेबलावर ठेवायची, दारातून नजर टाकली की प्रत्येक वायर दिसली पाहिजे. मग ही फेरी मारणार, "चला, सुटी" म्हणणार, तेव्हा बायका जागच्या हलणार. मोबाईल आले तेव्हा तेही कामाच्या वेळी कपाटात. सगळ्या तिला नुसतं 'बाई' म्हणायच्या, आणि चळचळा कापायच्या. पुढं निवृत्तीच्या दिवशी त्याच ढसाढसा रडल्या.

ती शिस्त अजून अंगात आहे. मला या बायकोचा अभिमान वाटतो. हे तिला बोलून दाखवायचं राहून जातं, म्हणून इथं लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लेकीचा फोन माझ्या मोबाईलवर. हळू बोलत होती.

"बाबा, बंद पडायच्या आधी आई उठते."

"उठणारच. बसून बसून तिची कंबर धरते."

"तसं नाही हो. मी बोलत असते आणि ती माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघते. मग उठते, आणि मग पडदा जातो."

"पायाचा धक्का लागत असेल वायरला. टेबल सरकवतो."

"बाबा, आईला बरं आहे ना?"

"ठणठणीत आहे. दिवसातून तीनदा चहा पाजते मला."

टेबल सरकवलं. पडद्याच्या वर भिंतीवर घड्याळ आहे, तेही सरळ केलं, जरा तिरकं झालं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझं निदान असं: साडेचारला आसपासच्या इमारतींचे पाण्याचे पंप सुरू होतात. मोटार सुरू होताना केवढा करंट ओढते, ते मला कुणी शिकवायला नको. तेवढ्यापुरतं व्होल्टेज बसतं आणि हा नाजूक प्राणी मान टाकतो. इतके दिवस हे सुचलं नाही, म्हणजे मीही गंजलोच.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं आतला वीजपुरवठ्याचा डबा नवा बसवला आणि बाहेर बॅटरीचा यूपीएस जोडून दिला.

"आता वीज गेली तरी हा चालेल," म्हणाला.

"आणि नाही चालला तर?"

"तर आजोबा, दोष माझ्या शास्त्रात नाही."

त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तर वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उतरत होत्या. म्हणाल्या, "काल बाई माझ्या दाराला किल्ली लावत होत्या."

"मंडळी मजला चुकली असेल. सगळे जिने सारखेच दिसतात."

"हो, होतं असं," नर्सबाई म्हणाल्या. पुढं जाता जाता थांबल्या. "याआधीही एकदा झालं होतं."

नर्सबाईंचा स्वभाव काळजीखोर आहे. दिवसभर आजारी माणसंच बघायची म्हटल्यावर दुसरं काय होणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हात टेकले.

यूपीएसचा हिरवा दिवा शांत जळतोय, बॅटरी काठोकाठ भरलेली, आणि संगणक मेलेला. वायर गुंडाळून टेबलावर. लॉग उघडला तर तीच खूण, तीच वेळ. पंपांचं माझं सगळं शास्त्र पाण्यात गेलं. वीज गेली नाही, बसली नाही, मग यंत्राला कुणी सांगितलं बंद हो म्हणून?

आणखी एक. फ्रीजमधलं दूध नासलं. फ्रीजची वायर फ्रीजच्याच माथ्यावर गुंडाळून ठेवलेली होती. पुसताना काढली असेल, लावायची राहिली असेल. घरकामात असं होतं.

मिक्सरचीही तशीच होती.

मनात एक आलं. लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सहज विचारावं तसं विचारलं, "अगं, चालू असताना तू संगणकाला हात तर लावत नाहीस ना?"

तिचा चेहरा पडला. "मी कशाला लावू? माझी लेक असते त्यात."

"नाही, आपलं विचारलं."

"तुमचं यंत्र चालत नाही आणि माझ्यावर घेता होय?"

डोळे भरून आले तिचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खोटं बोलत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोललेली नाही, आणि आजही बोलली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग तिचं बोलणं आणि टेबलावरची ती वायर, या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

रात्रीची भाजी अगदी अळणी होती. मी कौतुक करून खाल्ली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कालचं आज लिहितोय.

काल फिरून आलो, नेहमीसारखा पडदा काळा. मोबाईल घरीच विसरून गेलो होतो, तो सापडेना. मंडळीला विचारलं, म्हणाली, मला काय ठाऊक. म्हटलं, पलंगाखाली वगैरे गेला असेल, सकाळी बघू. आज सकाळी टॉवेल काढायला कपाट उघडलं, तर टॉवेलांच्या थप्पीवर माझा मोबाईल, बंद करून ठेवलेला. शेजारी तिचाही. चालू केला आणि तो वाजतच सुटला. लेकीचे फोन, तिच्या शेजारणीचे फोन, एकामागून एक.

काल आईशी बोलता बोलता तिच्या पोटात एकदम कळ आली. अंगाखाली ओलं लागलं, बघते तर रक्त. शेजारणीनं दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. बाळही बरं आहे. वेळ येईपर्यंत तिथंच ठेवणार आहेत. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू.

फोनवर रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाबा, मी आईला म्हटलं, मला काहीतरी होतंय, बाबांना बोलव."

"मग?"

"आई म्हणाली, हो, आधी सुटी होऊ दे."

"कसली सुटी?"

"मला नाही माहीत. मग उठली आणि पडदा गेला. मग मी फोन लावत बसले, तुमचे दोघांचेही बंद."

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "यंत्रच वाईट आहे गं. तो वीजपुरवठ्याचा डबाच सदोष निघाला बहुतेक."

ती म्हणाली, "बरं बाबा."

या 'बरं बाबा'नं मला दिवसभर बसू दिलेलं नाही. लहानपणी तिची आवडती बाहुली मी दुरुस्त करायला घेतली आणि ती माझ्याच हातून मोडली, तेव्हाही ती अशीच 'बरं बाबा' म्हणाली होती. समोरचा माणूस आपलीच समजूत घालतोय, हे बापाला उशिरा कळतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अधूनमधून येणारा दोष असला की आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो, मोटार ठेवून जा, चालू ठेवून समोर बसतो. समोर बसल्याशिवाय असला दोष सापडत नाही. इतके दिवस मी नेमका त्याच वेळी फिरायला जात होतो. का जात होतो, हे आज स्वतःला विचारलं नाही. विचारायचं धैर्य नव्हतं.

चारला लेकीला लावून दिलं. दवाखान्याच्या कॉटवर उशीला टेकून बसली होती, गाल बसलेले, पण हसली. चपला घातल्या, दार उघडून लावल्याचा आवाज केला आणि आतल्या खोलीत येऊन बसलो. बोर्डातून वायरी ओढून व्होल्टेजचं मीटर मांडीवर घेतलं होतं. दाराच्या फटीतून टेबल दिसत होतं.

मायलेकी छान बोलत होत्या. बाळाला पहिल्यांदा जवळ कसं घ्यायचं, मानेखाली हात कसा द्यायचा, हे मंडळी उशी घेऊन दाखवत होती. तिच्या बोलण्यात तसूभर चूक नव्हती. मला वाटलं, बघ, उगाच काहीबाही मनात आणलंस.

मग तिनं वर घड्याळाकडे पाहिलं.

उशी खुर्चीवर ठेवली. चष्मा सारखा केला. पाठ अशी ताठ केली की मला ती वीस वर्षांनी लहान दिसली. आणि पडद्यातल्या लेकीला म्हणाली, "चला, आटपा. सुटी."

"आई, मी आहे गं. मी."

"हो, तुझीही झाली. जा घरी. उशीर झाला तर तुझी आई वाट बघत बसेल."

लेक नुसती बघत राहिली. मंडळी वाकली, यूपीएसमधली पिन काढली, पडदा काळा झाला. वायर गुंडाळली, टेबलावर ठेवली. मग फ्रीजची. मग मिक्सरची. माझा मोबाईल मुद्दाम टेबलावर ठेवला होता, तो उचलून कपाटात. शेवटी दारात उभी राहिली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं खोलीभर नजर फिरवली. ओठ हलत होते. टेबलं मोजत असेल.

किती समाधान होतं त्या चेहऱ्यावर. इतकं समाधान मी तिथं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. सगळ्या इस्त्र्या थंड, सगळ्या पोरी सुखरूप घरी.

साडेचार. मी पाचला दुकानातून चहाला यायचो, तेव्हा ही नुकतीच कामावरून आलेली असायची. भोंगा साडेचारचा होता. एवढं साधं गणित मला कुठल्याही लॉगशिवाय सुटायला हवं होतं.

मांडीवरच्या मीटरकडे पाहिलं. दोनशे तीस. काटा जरासुद्धा हललेला नव्हता.

पुढं होऊन तिला थांबवायला हवं होतं. बसून राहिलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांना ते नवीन नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बोलले होते," त्या म्हणाल्या. "दोनदा."

"हे दुखणं बरं होतं का?"

त्यांनी चहा टाकला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. गोल सुरेख काढला, आकडे सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले. बसच्या एका दारात गर्दी व्हावी तसे. तिनं तो कागद माझ्याकडे अशा ऐटीत सरकवला की मी म्हणालो, "झकास."

गोळ्या दिल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "यानं पुढचं जरा सावकाश होईल." पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. दोघेही समजूतदार.

परत येताना ती रिक्षात म्हणाली, "मला काय झालंय हो?"

"काही नाही. जरा विसरतेस."

"तुम्हाला विसरले तर?"

"मी आहे ना लक्षात ठेवायला."

हे बोलताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मोटार कितीही जळाली असली तरी खोलता येते. जुनी तार उपसून काढायची, वेढे मोजायचे, नवी भरायची. इथं स्क्रू कुठला फिरवू?

१ मार्च, शनिवार

लेकीला सकाळी लावला आणि मंडळी अंघोळीला गेली असताना सगळं सांगून टाकलं. वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही कामी आलं नाही.

"मला माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही लॉग वाचायला लागलात, त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती मन लावून दुरुस्ती करत होता. म्हटलं, कुणास ठाऊक, सापडेलही."

मग आम्ही दोघंही थोडा वेळ यंत्रावरच बोललो. तेवढं एक बोलायला सोपं होतं.

आता बोलायची वेळ सकाळची ठेवली आहे. सकाळी मंडळीचं डोकं लख्ख असतं. लेकीच्या तिकडं ती वेळ आडनिडी आहे, पण ती म्हणाली, "पडूनच तर असते मी." शेजारणीचा नंबर मी पाठ केला. आणि सव्वाचार झाले की संगणक मीच रीतसर बंद करतो, म्हणजे साडेचारला ती पिन काढते ती झोपलेल्या यंत्राची. फ्रीजची मात्र रोज नंतर गुपचूप लावावी लागते. फिरणं बंद केलं आहे. डॉक्टर चालायला सांगतात, मी घरातल्या घरात तिच्या मागं चालतो.

कॉम्प्युटरवाला रस्त्यात भेटला. "काय आजोबा, सापडला का दोष?"

"सापडला."

"कशात होता?"

"तुमच्या शास्त्रात नव्हता," म्हणालो. त्याला बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

काल नात झाली. दोघी सुखरूप. जावई अजून समुद्रातच, त्यांना फोटो गेला आहे.

आज सकाळी पडद्यावर आणली. मुठी आवळलेल्या, कपाळाला आठी, जगावर रुसून आल्यासारखी. लेकीचा हात अवघडला होता, बाळाची मान जरा कलली, आणि माझ्या आधी मंडळी ओरडली, "अगं, मानेखाली. मानेखाली हात दे. हां, अशी. आता घे छातीशी." लेकीनं घेतली. बाळ शांत झालं. लेक रडायला लागली आणि हसायलाही लागली.

"आई, तुला कसं सगळं आठवतं गं?"

"न आठवायला काय झालं? तू अशीच होतीस. दिवसभर कपाळाला आठी."

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं मला विचारलं, सकाळी ते कुणाचं बाळ होतं. सांगितलं. खूप आनंद झाला तिला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढाच आनंद झाला. मी म्हटलं, घे, आज कितीदाही घे.

सव्वाचारला संगणक बंद करण्याआधी सवयीनं लॉग उघडून पाहिला. दहा हजार सोळाची कुरकुर नेहमीसारखी चालू. एक्केचाळीस नंबर या महिन्यात एकदाही नाही. असा लॉग दुकानात कुणी आणून दाखवला असता तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, घेऊन जा, दुरुस्त झालं.

साडेचारला ती उठली. चष्मा सारखा केला. आज म्हटलं, आपण नुसतं मागं फिरण्यापेक्षा थोडा हातभार लावावा. ती फ्रीजकडे गेली तोवर मी मिक्सरची पिन काढली, वायर गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

ती आली. वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर मला 'अहो' म्हणणारी माझी बायको, नव्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली, "दादा, तुम्ही नवीन का इथं?"

मी म्हणालो, "हो. नवीनच."

"म्हणून. इतकी आवळून गुंडाळायची नसते. आतली तार तुटते."

तारा गुंडाळण्यातच माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या बोटांना दुसरं काही येत नाही. तिनं वायर उलगडून माझ्या हातात दिली आणि थांबून राहिली.

"दाखवा, बाई," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरून दाखवलं.